रात्रपाळीचं जेवण आणि दिवसाची झोप: झोपेच्या वेळेपासून उलटं मोजत आखायचा आहार

रात्रपाळी करणाऱ्याला झोपेविषयी जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा खोलीविषयी असतो. जाड पडदे लावा, फोन बंद ठेवा, घरच्यांना आवाज करू नका म्हणून सांगा. सल्ला चुकीचा नाही. पण खोलीत मिट्ट काळोख करूनही दोन-अडीच तासांत टक्क जाग येते. पोट तटतटलेलं असतं, छातीत जळजळत असतं किंवा लघवीला उठावं लागतं, आणि मग कितीही कूस बदलली तरी डोळा लागत नाही. पाळी करणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार ओळखीची निघेल. तिचं कारण पडद्यापेक्षा ताटात सापडण्याची शक्यता जास्त.

पुढे जे सांगितलं आहे त्याचा गाभा एवढाच: पाळीच्या दिवसांत खाणंपिणं ठरवताना आधी आपण किती वाजता आडवे होणार ते पक्कं करायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं. उदाहरणासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची पाळी आणि सकाळी ८ ला झोप असं धरलं आहे. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर तेवढे तास पुढेमागे करा. एक पट्टा मात्र कुणालाही हलवता येत नाही, तो म्हणजे मध्यरात्र ते पहाट. तो का हलत नाही, हे आधी पाहू.

शरीरात घड्याळ एक नाही, अनेक आहेत

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक छोटा पुंजका आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. हे शरीराचं मुख्य घड्याळ. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावर ते आपली वेळ लावून घेतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबीच्या पेशी यांच्यातही अशीच घड्याळं चालू असतात, आणि ती जेवणाच्या वेळांकडे जास्त लक्ष देतात. पेशींमधलं हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

रात्री मेलाटोनिन हे झोपेचा इशारा देणारं संप्रेरक वाढतं, इन्सुलिनचा प्रतिसाद मंदावतो, पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे तेच जेवण, तेवढंच जेवण, दुपारी १ ऐवजी रात्री २ ला केलं तर रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. बरं, महिनोन्‌महिने पाळी केली की शरीर उलटं फिरेल असंही होत नाही. सकाळी घरी जाताना अंगावर पडणारं ऊन आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबरचं दिवसाचं जगणं यामुळे बहुतेकांचं मुख्य घड्याळ दिवसाच्याच बाजूला ओढलेलं राहतं. आता अशा वेळी रात्री पोटभर जेवलं की यकृताला कळतं दिवस आहे, मेंदू म्हणत असतो रात्र आहे. घड्याळांची आपापसांत फारकत होते.

हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी २०२१ मध्ये १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाने पाळीच्या पद्धतीने रात्रीही जेवण केलं, दुसऱ्याने फक्त दिवसाच्या तासांत. रात्री जेवणाऱ्यांची साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं. फरक जेवणाच्या वेळेने पाडला.

पहिली पायरी: झोपेची वेळ ठरवा आणि मागे मोजा

एक कागद घ्या. सगळ्यात खाली झोपेची वेळ लिहा, सकाळी ८. त्याच्या वर चढत जा. झोपेआधी तासभर, म्हणजे ७ ला, शेवटचं हलकं खाणं. झोपेआधी किमान सहा तास, जमलं तर आठ, म्हणजे रात्री १२ ते २ च्या दरम्यान, शेवटचा चहा किंवा कॉफी. पाळी सुरू होण्याआधी दोन तास, म्हणजे रात्री ८ च्या सुमारास, मुख्य जेवण. आणि उठल्यावर तासाभरात, साधारण दुपारी ३-४ ला, दिवसाचं पहिलं मध्यम जेवण. झाला आराखडा. बाकी लेख या चार ओळींविषयीच आहे, आणि त्यातली कॅफिनची ओळ पाळणं सगळ्यात अवघड म्हणून ती आधी घेऊ.

दुसरी पायरी: कॅफिनची वेळ

जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. कॅफिन हे अडेनोसिन जिथे चिकटतं ती जागा अडवतं. अडेनोसिन तिथेच असतं, फक्त मेंदूला त्याची खबर लागत नाही. म्हणून कॉफीने थकवा जात नाही, लपतो.

रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे ४ ला घेतलेली कॉफी सकाळी ९ ला, ऐन झोपेत, अर्धी शिल्लक असते. हा पाच तासांचा आकडाही सगळ्यांना सारखा नाही. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफिन बरंच सावकाश बाहेर पडतं. सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये लवकर पडतं, त्यामुळे सिगरेट सोडली की नेहमीचीच कॉफी अचानक झोप उडवू लागते. कारण न कळल्याने माणूस चक्रावतो.

'कॉफी पिऊनही मला गाढ झोप लागते' असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर मोजयंत्रावर लोकांची झोप तासाहून अधिक घटली होती. त्यांना स्वतःला तो फरक तितकासा जाणवला नव्हता. तेव्हा इथे आपल्या अनुभवावर फार भिस्त ठेवू नये.

प्रमाणाचा अंदाज असा: कपभर कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम, चहाच्या कपात ३० ते ५०, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ८० च्या आसपास. कोला आणि गडद चॉकलेटमध्येही असतंच, ते मोजायचं विसरतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं जातं, गरोदर स्त्रीसाठी २००. पाळीवर मात्र एकूण प्रमाणाहून शेवटचा कप कधी घेतला हे जास्त महत्त्वाचं.

मग कॉफी घ्यायची कशी? पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात, थोडी थोडी. एकदम मोठा मग रिचवण्यापेक्षा १० ला अर्धा कप, ११:३० ला अर्धा, १ च्या आत शेवटचा. कामाच्या ठिकाणी डुलकीची मुभा असेल तर एक जुनी युक्ती खरोखर चालते: कॉफी घ्या आणि लगेच १५-२० मिनिटं पडा. कॅफिनचा असर सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. डुलकी त्याहून लांबवू नका. गाढ झोपेतून उठलं तर पुढचा अर्धा तास डोकं जडच राहतं.

आता खरी अडचण. सगळ्यात जास्त पेंग येते पहाटे ३ ते ५ मध्ये, आणि नेमकं तेव्हाच कॉफी नको म्हणायचं. इथे उठून चालणं, जिना चढणं, प्रखर उजेडात बसणं, कुणाशी तरी बोलत काम करणं यांवर भागवावं लागतं. कंटाळवाणं काम पाळीच्या सुरुवातीला उरकून, हालचालीचं काम पहाटेसाठी राखून ठेवता आलं तर उत्तम. पण पहाटे यंत्र चालवायचं असेल, रुग्णाला औषध द्यायचं असेल किंवा नंतर गाडी चालवत घरी जायचं असेल, तर सुरक्षितता आधी. तेव्हा झोप थोडी बिघडली तरी चालेल. गाडीसाठी सर्वांत चांगला मार्ग मात्र कॉफी नाही, निघण्याआधी वीस मिनिटांची डुलकी किंवा दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवू देणं.

तिसरी पायरी: मुख्य जेवण पाळीआधी

दिवसभरातलं सगळ्यात मोठं जेवण पाळी सुरू होण्याआधी करा. दोन तासांचं अंतर ठेवलं की कामावर पोहोचेपर्यंत जेवणानंतरची सुस्ती ओसरलेली असते. ताटात धान्य असावं, शक्यतो न पॉलिश केलेलं, सोबत डाळ, कडधान्य, अंडी, मासे किंवा मांस यांतलं काहीतरी आणि भरपूर भाज्या. प्रथिनं आणि तंतू जितके पुरेसे, तितकी रात्री १-२ ची भूक सौम्य. हे जेवण चुकवून 'तिकडेच काहीतरी खाऊ' म्हणत निघालं की पुढचं सगळं कोसळतं, कारण तिकडे रात्री जे मिळतं ते बहुधा तळलेलं, गोड किंवा पाकिटातलं असतं.

उठल्यावरचं पहिलं खाणंही टाळू नका. दुपारी ३ ला उठून नुसत्या चहावर ८ वाजेपर्यंत राहिलं तर ते ८ चं जेवण गरजेपेक्षा मोठं होतं, आणि मोठ्या जेवणानंतरची गुंगी थेट कामावर उतरते.

चौथी पायरी: मध्यरात्र ते पहाट

ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठात केलेल्या कृत्रिम रात्रपाळीच्या प्रयोगांत मध्यरात्रीनंतर पूर्ण जेवण करणाऱ्यांची पहाटेची कामगिरी न खाणाऱ्यांपेक्षा जास्त घसरलेली दिसली. म्हणजे मध्यरात्रीचं जेवण जागं राहायलाही मदत करत नाही.

आदर्श काय, तर १२ ते ६ पोटाला विश्रांती. पण आदर्श सगळ्यांना झेपत नाही. अंगमेहनतीचं काम असेल, पायावर आठ तास असतील तर उपाशी राहून हात थरथरायला लागतील. तेव्हा छोटं खा, साधारण २०० कॅलरींच्या आत. एक फळ आणि मूठभर दाणे, उकडलेलं अंडं, वाटीभर दही, उकडलेली कडधान्यं, भाज्यांचं सूप. एवढ्याने भूक मारली जाते आणि पचनावर बोजाही पडत नाही. शक्यतो हे १ च्या आसपास उरकावं.

पहाटे ३ ला गोड किंवा चमचमीत खावंसं वाटतं, त्यात इच्छाशक्तीचा दोष कमी आणि जागरणाचा जास्त. २००४ मध्ये १२ तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. ओढही सगळ्यात जास्त गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे होती. शिवाय पहाटे ४-५ च्या सुमाराला शरीराचं तापमान चोवीस तासांतल्या सर्वांत खालच्या बिंदूवर असतं. अंगात हुडहुडी भरते, काहीतरी गरम पोटात जावंसं वाटतं, आणि ती भूक आहे असा समज होतो. अशा वेळी आधी कपभर गरम पाणी, सूप किंवा कॅफिन नसलेलं पेय घ्या, अंगावर एखादा जास्तीचा कपडा चढवा, दहा मिनिटं थांबा. तरीही पोट मागत असेल तर खरी भूक समजा.

डबा घरून न्या हा सल्ला सगळेच देतात. त्यात एक भर: तो दोन भागांत न्या. एक मध्यरात्रीचा लहान, दुसरा पाळी सुटतानाचा. एकच मोठा डबा नेला की तो मध्यरात्रीच संपतो.

पाचवी पायरी: पाळीनंतर आणि झोपेआधी

इथे दोन टोकं दिसतात. काही जण रात्रभराची कसर काढत घरी येऊन भरपेट जेवतात आणि ताबडतोब पडतात. काही जण दमून काहीच न खाता झोपतात आणि ११ वाजता भुकेने जागे होतात. पहिल्या टोकाला जळजळ, दुसऱ्याला अर्धवट झोप.

मधला मार्ग म्हणजे हलकं, कमी तेलाचं, कमी तिखट, छोटं खाणं, झोपेआधी तासभर. मऊ शिजवलेलं धान्य आणि थोडं दही किंवा दूध, किंवा अंडं आणि एखादं फळ. सकाळच्या वेळी भूक नैसर्गिकरीत्या मंदच असते. शरीराच्या भुकेच्या लयीचा तळ सकाळी ८ च्या सुमारास आणि शिखर रात्री ८ च्या सुमारास असल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे पाळीनंतर थोडक्यात समाधान होतं, फक्त सवयीने मोठं ताट वाढून घेऊ नये.

ज्यांना आम्लपित्ताचा किंवा घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांनी खाणं आणि आडवं होणं यांत दोन-तीन तास ठेवायला हवेत. ८ ला झोपायचं तर ते घरी येऊन जमणार नाही, म्हणून डब्याचा दुसरा भाग ५:३० लाच कामावर संपवा. पहाटेचा पट्टा रिकामा ठेवायचा नियम इथे थोडा मोडतो. मोडू द्या. जळजळत्या छातीने झोप लागत नाही, आणि दोन वाईटांतलं कमी वाईट निवडणं हे पाळीच्या जगण्यात वारंवार करावं लागतं. डाव्या कुशीवर झोपणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू जराशी उंच करणं यानेही आराम पडतो.

झोपेआधी गोड खाल्लं की झोप लवकर लागते, असं ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे. २००७ मध्ये एका छोट्या प्रयोगात झोपेच्या चार तास आधी लवकर पचणारा भात खाल्ल्यावर पुरुषांना झोप लवकर लागली होती. पण झोप लागणं वेगळं आणि टिकणं वेगळं. २०१६ च्या एका अभ्यासात ज्या दिवशी तंतू कमी आणि साखर, संपृक्त चरबी जास्त खाल्ली गेली, त्या रात्रीची झोप उथळ आणि वारंवार मोडणारी निघाली. दिवसाची झोप आधीच उथळ, तिला आणखी उथळ करणारं काही नको. कोमट दुधाचा फायदा होत असेल तर जरूर घ्या, त्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

दारूविषयी स्पष्टच सांगायला हवं. पाळीनंतर 'झोप लागावी म्हणून' घेतलेला पेग झोप लवकर आणतो आणि उत्तरार्धात तीच झोप फोडतो. स्वप्नांची झोप कमी होते, घोरणं वाढतं, लघवीला उठावं लागतं. निकोटिनही उत्तेजक आहे, त्यामुळे घरी पोहोचल्यावरची 'शेवटची' सिगरेट झोपेला मारकच.

पाणी, लघवी आणि शौच

मूत्रपिंडांचीही लय असते. रात्री ती लघवी कमी तयार करतात, दिवसा जास्त. दिवसा झोपणाऱ्याला म्हणूनच रात्री झोपणाऱ्यापेक्षा जास्त उठावं लागतं. उपाय पाणी तोडणं नाही, पाणी आधी पिणं आहे. पाळीच्या पहिल्या पाच-सहा तासांत नियमित पाणी प्या, ५ नंतर घोट-घोट, आणि झोपेआधीच्या तासात तहानेपुरतं.

आतडीही सकाळी जागी होतात. त्यात पाळीनंतर मोठं जेवण केलं की पोटाकडून मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा जातो आणि झोपेत कळ येते. सकाळचं खाणं लहान ठेवण्याचं हे आणखी एक कारण. पाळीवाल्यांचा बद्धकोष्ठही बराचसा भाज्या, फळं आणि पाणी कमी पडण्यातून येतो. तंतू वाढवायचे ते दुपारच्या आणि पाळीआधीच्या जेवणात. झोपेच्या तोंडावर कडधान्यांची मोठी वाटी घेतली तर वायू धरेल.

सुट्टी आणि बदलती पाळी

सलग पाळ्या संपल्यावर पहिल्या दिवशी लहान झोप घ्या, दुपारपर्यंत उठा, दुपारी आणि संध्याकाळी नेहमीसारखं जेवा आणि रात्री सगळ्यांबरोबर झोपा. रात्री उशिरा भूक लागेल, कारण गेल्या काही रात्रींची सवय आहे. ती एक-दोन दिवसांत जाते. इथे मध्यरात्रीनंतर न खाण्याच्या सवयीचा मोठा फायदा कळतो: कामाचा दिवस असो वा सुट्टीचा, जेवणं बहुतांशी दिवसा आणि संध्याकाळीच पडतात, त्यामुळे यकृताच्या घड्याळाला दर आठवड्याला उलटसुलट व्हावं लागत नाही. आठवड्यागणिक पाळी बदलणाऱ्यांसाठी तर झोपेची वेळ हातात नसते, जेवणाची बऱ्यापैकी असते.

हा आराखडा जसाच्या तसा कुणी घेऊ नये

मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्री न खाण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका. पाळीच्या वेळा डॉक्टरांना सांगून औषधाच्या वेळा आधी बदलून घ्या. गरोदर स्त्रिया, अल्सरचे रुग्ण, पोटात अन्न असतानाच घ्यायची औषधं चालू असलेले, किंवा पूर्वी खाण्याच्या विकारातून गेलेले, यांनाही हेच लागू.

बदल करताना सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त शेवटच्या कॉफीची वेळ मागे घ्या, दुसऱ्यात मध्यरात्रीचं जेवण लहान करा, तिसऱ्यात पाळीनंतरचं खाणं बसवा. शेजारी एका वहीत चार रकाने ठेवा: काय खाल्लं आणि कधी, शेवटचं कॅफिन कधी, किती वाजता झोपलो, किती वेळा आणि कशामुळे उठलो. दोन-तीन आठवड्यांत आपलं आपल्यालाच दिसू लागतं की जाग भुकेने येते, जळजळीने की लघवीने.

एवढं करूनही तीन महिन्यांहून अधिक काळ दिवसा झोप लागत नसेल, कामावर डोळे मिटत असतील, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा छातीतली जळजळ रोजची झाली असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि ती वही सोबत न्या. पाळीमुळे होणारा झोपेचा विकार हे रीतसर निदान आहे. त्याची तपासणी करताना डॉक्टर सगळ्यात आधी झोपेची नोंदच मागतात.